बाकावरचा लंबू

सोमवार, ११ ऑगस्ट

मागच्या मोसमात मी तीच ती चूक पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी मला ती नवी वाटली. म्हणून यंदा लिहून ठेवायचं. काय ठरवलं आणि का ठरवलं, एवढंच.

यंदा फुटबॉलच्या चार लीग. आमच्या दातांच्या लॅबमधली, हॉस्टेलच्या जुन्या मित्रांची, घरातली, आणि एक सार्वजनिक, जिच्यात मी कुणालाच ओळखत नाही. सासूबाईंना काल हे सगळं समजावून सांगितलं, कारण घरच्या लीगमध्ये यंदा त्याही आहेत. खऱ्या खेळाडूंमधून आपण आपला संघ निवडायचा. ते शनिवार-रविवारी खरे सामने खेळणार. त्यांनी गोल केला, अडवला, की आपल्याला गुण. ज्याला कप्तान नेमलं त्याचे दुप्पट. शनिवारी पहिला सामना सुरू झाला की मुदत संपली, मग बदल नाही.

"म्हणजे घाम त्यांनी गाळायचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि थकायचं तुम्ही."

घरच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच संघात जाऊ शकतो. निवडीच्या चिठ्ठ्या मेहुण्याने टाकल्या, पहिली हिची निघाली. हिने क्षणभरही विचार न करता लंबूला घेतलं. लंबू हे सासूबाईंनी ठेवलेलं नाव. तो लीगमधला सगळ्यात उंच आणि यंदा सगळ्यांना हवा असलेला आघाडीवीर. मी विचारलं, लंबूच का? म्हणाली, "त्याचं पाऊल बरोबर पडतं." ही फिजिओथेरपिस्ट आहे, ती माणसं पायांकडून बघते. मग फोन माझ्याकडे देऊन म्हणाली, "आता तूच बघ माझा संघ. मला वेळ नाही." म्हणजे माझ्याकडे पाच संघ झाले.

माझं तत्त्व साधं आहे. लॅबच्या आणि सार्वजनिक लीगमध्ये लंबू माझ्याकडे. हॉस्टेलच्या लीगमध्ये तो घेतला नाही, त्याला अडवणारे घेतले. तो चालला तरी काही हाती लागतं, नाही चालला तरी लागतं.

हिला बंदराच्या गावातल्या नव्या इस्पितळाचं पत्र आलं. विभागप्रमुख. सप्टेंबरअखेर रुजू व्हायचं.

"जायचं ना आपण?" हिने विचारलं.

"जायचं की."

डाव्या बगलेचा बचावपटू अजून ठरत नाही.


शनिवार, १६ ऑगस्ट

पहिला आठवडा. लंबूने दुसऱ्या अर्ध्यात डोक्याने गोल केला. लॅबमध्ये वर गेलो, सार्वजनिकमध्ये वर गेलो. पण ज्याच्यावर गोल झाला तो गोलकीपर घरच्या लीगमध्ये माझा आहे, आणि त्याच्यापुढचे दोघे हॉस्टेलच्या संघात. मी अर्धवट उठलो आणि पुन्हा बसलो.

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" हिने विचारलं.

"बघावं लागेल."

सासूबाई हसत सुटल्या. त्यांची खालची कवळी सैल आहे, हसताना हात लावावा लागतो. ती मीच बनवली आहे. नवी करून देतो म्हणून जूनपासून सांगतोय.


मंगळवार, १९ ऑगस्ट

लॅबच्या मालकांनी जेवणाच्या सुट्टीत थांबवून घेतलं. सिरॅमिकच्या दातांवर रंगाचा शेवटचा हात अजून तेच देतात. आज ब्रश धरलेला हात त्यांनी माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती.

"दिसतंय ना?"

"थोडंसं."

"थोडंसं पुरतं. दात कपाळावर नाही बसवायचा, तोंडात बसवायचाय." मग म्हणाले, सिरॅमिकची खोली तू घे. दात भाजायला नवी भट्टी मागवू, तुला हवी ती. दोन वर्षांनी लॅबही तूच बघायची. "थांबणार ना तू? की जायचंय कुठे?"

"थांबणार म्हणजे काय. कुठे जातोय."

परत टेबलाशी बसलो तर प्लास्टरने भुवया उडवल्या. साच्यांच्या खोलीत काम करतो, कोपरापर्यंत पांढरा असतो म्हणून प्लास्टर. लॅबची लीग तोच चालवतो. "लंबू विकतोस का?" म्हणाला.

मी खोटं बोललो नाही. मालकांनी आजचं विचारलं, आजचं खरं सांगितलं. भट्टी यायला वेळ लागतो. तेवढ्यात इस्पितळाचंही काही मागेपुढे होऊ शकतं. दोन्हीकडे दार उघडं असलेलं बरं.

हिला सांगितलं नाही. तिला उगाच घोर लागायचा.


शनिवार, २३ ऑगस्ट

सासूबाईंचा उजवा बचावपटू घोट्याला लागून महिनाभर बाहेर. मी म्हटलं, त्याला काढा, दुसरा घ्या, नाही तर फुकटचा भोपळा मिळेल.

"घरातलं माणूस आजारी पडलं की बाहेर काढतात का?"

"आई, हा खेळ आहे."

"मग खेळू द्या की त्याला. बरा झाला की खेळेल."

त्या तळाला आहेत. मी लॅबमध्ये तिसरा, हॉस्टेलमध्ये चौथा, घरात दुसरा. सार्वजनिकमधली जागा सांगण्यात अर्थ नाही. या आठवड्यासाठी सगळे संघ सकाळी एकदा बदलले, चहानंतर पुन्हा होते तसे केले.


बुधवार, २७ ऑगस्ट

आमचं हल्ली बरं बोलणं होतं. खेळाडूंच्या दुखापतींविषयी. बातम्यांत नुसतं 'गुडघा' असं येतं. ही नेमकं सांगते. आज भाजी चिरताना तिला विचारलं, हॉस्टेलच्या संघातला माझा मधल्या फळीचा माणूस, त्याला कोणी धक्का मारला नाही, काही नाही, आपल्या आपण खाली बसला. असं कसं?

सुरी खाली ठेवून तिने दाखवलं. एक पाऊल फरशीवर घट्ट, आणि वरचं अंग दुसरीकडे. "पाय इथे रोवलेला आणि माणूस तिकडे निघालेला. मधे गुडघा. त्याला दोन्ही करता येत नाही, मग तो तुटतो. धक्का लागत नाही."

"किती महिने?"

"मोसम गेला त्याचा."

काढून टाकला. बदली म्हणून त्याच संघातला पोरगेलासा एक घेतला.

जाता जाता तिने विचारलं, "मालकांशी बोललास?"

"बोलणं चालू आहे."

"काय म्हणाले?"

"विचार करताहेत."

हेही खरंच आहे. ते भट्टीचा विचार करताहेत.

संध्याकाळी तिने बंदराच्या गावातल्या एका घराचे फोटो दाखवले. वरचा मजला, दोन खोल्या, जिना बाहेरून. म्हटलं, छान आहे. म्हणाली, हो कळवू? म्हटलं, कळव.


शुक्रवार, ५ सप्टेंबर

घरच्या लीगमध्ये दर आठवड्याला जोड्या लागतात. या आठवड्यात मी विरुद्ध ही. दोन्ही संघ माझ्याकडे.

प्रामाणिकपणे खेळायचं ठरवलं होतं. आधी तिचा संघ घेतला. लंबू परवा सरावाला उशिरा आला, अशी बातमी आहे. का, ते लिहिलेलं नाही. उशिरा येणारा माणूस काही तरी लपवत असतो. शिवाय समोरचा बचाव बरा आहे, मैदान ओलं असणार, आणि उंच माणसांना ओल्या मैदानाचा त्रास होतो. हे शेवटचं मला नक्की माहीत नाही. लंबूला बाकावर ठेवला. तिच्या जागी बसलेल्या कोणीही हेच केलं असतं.

लॅबच्या आणि सार्वजनिक संघात मात्र तो राहू दिला, कप्तान म्हणून. तिथे धोका पत्करायला हरकत नाही.

मग माझा संघ बघितला. त्यात बदल करण्यासारखं काही नव्हतं.


रविवार, ७ सप्टेंबर

लंबूने तीन गोल केले. ओल्या मैदानावर.

लॅबमध्ये पहिला आलो. घरच्या लीगमध्ये हिला हरवलं, थोडक्यात. सकाळीच मेहुण्याचा फोन.

"दाजी, ताईचा लंबू बाकावर कसा काय बसला?"

"सरावाला उशीर झाला होता त्याला."

"तुमच्या लॅबच्या संघात तर कप्तान होता म्हणे."

हे त्याला प्लास्टरने सांगितलं असणार. दोघांची ओळख मीच करून दिली होती. फोन स्पीकरवर होता आणि ही समोर टोस्टला लोणी लावत होती. मेहुणा म्हणाला, "एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्याने ताट ओढायचं, हे बरं जमतं तुम्हाला," आणि हसला. तो सगळ्यावरच हसतो.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "माझ्या विरुद्ध तू खेळत होतास."

"लीगने जोडी लावली. मी काय करणार."

"आणि माझ्याकडून पण तूच."

"तू दिला होतास ना संघ."

"दिला होता." तिने टोस्ट खाल्ला, बोटं पुसली. "मग माझ्याकडून नक्की कोण होतं?"

मी सरावाची बातमी शोधून दाखवली. तिने ती पूर्ण वाचली. शेवटी लिहिलं होतं की लंबूच्या मुलीच्या शाळेचा पहिला दिवस होता, म्हणून उशीर. इतक्या खालपर्यंत मी वाचलं नव्हतं.


गुरुवार, ११ सप्टेंबर

भट्टी आली. पांढरी, गुळगुळीत, दार वरून खाली सरकतं. मी तिच्यावरचा पातळ कागद काढत होतो तेवढ्यात ही लॅबमध्ये आली. सासूबाईंची नवी कवळी काल रात्री पुरी झाली होती, ती न्यायला. मी संध्याकाळी घेऊन येणारच होतो. तिला म्हणे या बाजूला काम होतं.

मालक खूश होते. तिला आत बोलावून भट्टी दाखवली. "ही तुमच्या नवऱ्याची. त्याने निवडली, त्यानेच चालवायची. आता लॅब त्याच्या हाती द्यायची आणि मी घरी बसायचं. मी विचारलं होतं हं त्याला, जायचंय का कुठे. म्हणाला, कुठे जातोय."

"छान आहे," ती म्हणाली. दारावरून हात फिरवला. "गरम किती होते?"

मालकांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. कवळीची डबी पर्समध्ये टाकली आणि गेली.

प्लास्टर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "बोलला नव्हतास घरी?"

"बोलणार होतो."

"दात दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे, ते हत्तीचं असतं रे. आपण माणसांचे करतो."

मला वाटलं, घरी आज बोलणी बसणार. वाटेत दोन उत्तरं तयार केली, दोन्ही पटण्यासारखी. पण तसं काही झालं नाही. सासूबाईंनी नवी कवळी लावून दाखवली, आम्ही जेवलो, तिने निळ्या चादरी कुठे ठेवल्या आहेत एवढंच विचारलं. रागावलेली नाही. बरं झालं. उगाच घाबरलो.


शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळी हिचा संघ उघडेना. पासवर्ड चुकीचा म्हणतो. मला वाटलं काही बिघाड आहे.

"बिघाड नाही. मी बदललाय," ती आतल्या खोलीतून म्हणाली.

"का?"

"माझं मी बघते."

लीगच्या पानावर तिचा संघ सगळ्यांना दिसतो. पहिल्या दिवशी निवडला होता तसाच पुन्हा लावला आहे. कप्तान लंबू. मी महिनाभर केलेली सगळी डागडुजी गेली. तिला समजावायला हवं होतं, पण मुदत जवळ आली होती आणि माझे चार बाकी होते.

घाईत एक गोंधळ केला. हॉस्टेलचा संघ समजून घरच्या संघातला गोलकीपर सोडून दिला. लक्षात येईपर्यंत सासूबाईंनी त्याला उचललं होतं. आता त्यांच्याकडे दोन गोलकीपर आहेत.

"आई, दुसरा तुम्हाला काय करायचाय?"

"रस्त्यावर सोडला होतात तुम्ही. मी घरात घेतला."


मंगळवार, १६ सप्टेंबर

आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून मालकांकडे गेलो. म्हटलं, घरात असं असं आहे, थोडा वेळ मिळाला तर दोन्हीकडचं नीट बघता येईल.

त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी तुझी बायको भट्टी बघत होती. तिचा चेहरा बघितला मी. आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडेच बघतोय." मग म्हणाले, "एकाशी बोलून ठेवलंय. हात बरा आहे त्याचा. तू राहिलास तर तूच. नाही तर तो आहे."

"म्हणजे माझं नक्की नाही?"

"ते मी तुला विचारायचं की तू मला?"

घरी येऊन हिला सांगितलं की मालकांशी सगळं बोललो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी इस्पितळाला हो कळवलं," म्हणाली. "घराचंही कळवलं."

"आपलं ना?"

"माझं आणि आईचं. तुझं तू कळव."

"कधीपर्यंत?"

यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी लगेच म्हटलं, म्हणजे आठवडाभरात चालेल ना. ती म्हणाली, मुदतीचं तुला जास्त कळतं.

लीगच्या नियमात एक कलम आहे, मला ते नेहमी दिलासा देतं. तुम्ही काहीच ठरवलं नाही तर मागच्या आठवड्याचा संघ आपोआप पुढे चालू राहतो. आणि बाकावरच्या माणसाला मैदान मिळतं, पण आतला कोणी आलाच नाही तर.


शनिवार, २० सप्टेंबर

टेम्पो सकाळी आला. सामान फार नव्हतं. पुस्तकं, तिच्या व्यायामाच्या रबरी पट्ट्या, सासूबाईंची आरामखुर्ची. मी जिन्यावरून खोकी उतरवली आणि मधे मधे फोनवर संघ बघत होतो, कारण आज लवकरचा सामना आहे.

पलंग तिने तिकडेच नवा घेतला आहे. इथली गादी न्यायची होती, म्हणून मला माप घ्यायला सांगितलं. आमची दोघांची गादी. तिने पलंगाचं माप कागदावर लिहून ठेवलं होतं, तंतोतंत जुळलं.

"अगं, खोली लहान आहे. एवढा मोठा कशाला? सिंगल घेतला असतास तर टेबलाला जागा झाली असती."

ती गादीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. "मोजलंस का नीट?"

"मोजलं."

"मग झालं," म्हणाली, आणि आम्ही गादी उचलली.

सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. काच खाली करून म्हणाल्या, "जावईबापू, एक ना धड भाराभर चिंध्या. त्यातला एखादा तरी संघ धड खेळा." कवळी घट्ट बसली आहे, बोलताना हात लावावा लागला नाही. मी म्हटलं, महिनाभराने थोडी घासून देईन. त्या म्हणाल्या, "या की. तोंड माझं तिकडेच असेल."

टेम्पो गेल्यावर वर आलो. मुदत संपायला अजून वेळ होता. हॉस्टेलच्या संघात दोन बदल केले.

मोठ्या पलंगाचं राहून राहून नवल वाटतं. ती हिशेबाने वागणारी आहे. जागा उगाच घालवायची नाही.


मंगळवार, २३ सप्टेंबर

हॉस्टेलमध्ये पहिला. लॅबमध्ये पहिला. सार्वजनिकमध्ये कधी नव्हे इतका वर. सगळं एकदम जुळून येण्याचा असा आठवडा क्वचित येतो. सांगायला कोणी नव्हतं म्हणून प्लास्टरला फोन केला. तो म्हणाला, "बरं."

सतरंजीवर झोपतो. पाठ दुखते. कुठला स्नायू, ते हिला विचारायला हवं.

मालकांचा तो माणूस आज लॅब बघायला आला. माझ्यापेक्षा लहान, शांत. मी चहाला गेलो होतो, परत आलो तर माझ्या स्टुलावर बसून दाताची एक कॅप उजेडात धरून बघत होता. मला बघून लगेच उठला, माफ करा म्हणाला. मी म्हटलं, बसा, बसा. मग मी उभा राहिलो.


शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी चारही संघ उघडून बसलो. लंबूच्या गुडघ्याला सूज आहे अशी बातमी. खेळेल, न खेळेल. या वेळी बातमी शेवटपर्यंत वाचली, शेवटीही काही नक्की लिहिलेलं नाही. लॅबमध्ये ठेवावा, सार्वजनिकमध्ये काढावा. मग उलट केलं. मग पुन्हा होतं तसं.

मुदतीला थोडा वेळ उरला होता. हिला फोन केला. पाठीचं विचारायचं होतं. तिने उचलला आणि मी म्हटलं, "पलंग एवढा मोठा का घेतलास?"

ती बाहेरच्या जिन्यावर उभी असावी, वाऱ्याचा आवाज येत होता.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "लंबू आज खेळणार का, विचार त्याला."

"आई विचारतेय, लंबू आज खेळणार का."

सांगता येत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. सूज आहे, मैदान कसं आहे माहीत नाही, समोर बचाव चांगला आहे.

"खेळणार," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"कशावरून?"

"पाऊल बरोबर पडतं त्याचं."

पुन्हा वारा. मग ती म्हणाली, "गादी एका बाजूला खचली आहे. रोज माझ्या लक्षात येतं. तुझ्या बाजूला." आणि म्हणाली, इस्पितळात आज तिचा पहिला पेशंट आहे, निघायला हवं.

फोन ठेवला तेव्हा मुदत संपून गेली होती. चारही संघ शेवटी जसे राहिले असतील तसे गेले. लंबू कुठे आत आहे आणि कुठे बाहेर, मला आठवत नाही. उघडून बघितलं नाही.

मालक शनिवारी दुपारपर्यंत असतात. आत्ता निघालो तर भेटतील. स्टूल त्या माणसाला द्या, एवढंच सांगायचं आहे.